मोबिलिटी स्कूटर घेण्याआधी रस्ता मोजा

नाशिकच्या सातपूरला एमआयडीसी उभी राहिली तेव्हा खानदेशातून, मराठवाड्यातून, कसमादे पट्ट्यातून तरुण मुलं इथे आली. मायकोत, सिएटमध्ये, महिंद्रात आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान-मोठ्या वर्कशॉपमध्ये ती कामाला लागली. आज ती सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत. मशीनपुढे उभं राहून काढलेल्या पाळ्यांची वसुली आता गुडघे आणि कंबर करतात. कुणाला अर्धांगवायूचा झटका येऊन गेलाय, कुणाचा पाय मधुमेहाने गेलाय, कुणाचं जुनं अपघाताचं दुखणं वयाबरोबर वाढलंय. घरात ही माणसं भिंतीच्या, वॉकरच्या आधाराने वावरतात. अडतं ते दाराबाहेर. भाजी मंडई पाच मिनिटांवर, देवळाचा कट्टा त्याहून जवळ, पण तिथवर जायला कुणाच्या तरी दुचाकीची आणि कुणाच्या तरी सवडीची वाट बघावी लागते. मग मुलांच्या मनात येतं, बाबांना ती बॅटरीवरची गाडी घेऊन द्यावी का?

द्यावी, असंच माझं मत आहे. ज्याला ती जमते त्याच्या दिवसात तिने फार मोठा फरक पडतो. पण बहुतेक घरांत खरेदी उलट्या बाजूने होते. आधी व्हिडिओ बघून गाडी पसंत केली जाते आणि ती घरी आल्यावर कळतं की ओट्यावरून उतरत नाही, गल्लीत वळत नाही, गतिरोधकावर तळ घासतो. मग ती जिन्याखाली उभी राहते आणि पैशांबरोबर त्या माणसाची बाहेर पडण्याची उमेदही मावळते. म्हणून माणूस, घर आणि रस्ता आधी बघायचा, गाडी शेवटी.

ही गाडी कुणाला जमेल?

मोबिलिटी स्कूटर म्हणजे तीन किंवा चार चाकांची, बसायला खुर्ची, पाय ठेवायला सपाट तळ आणि समोर हँडल असलेली विजेची गाडी. हँडलवरचा खटका अंगठ्याने दाबला की ती चालते, सोडला की आपोआप ब्रेक लागून थांबते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ॲलन थीम यांनी १९६८ मध्ये घरातल्या आजारी माणसासाठी अशी पहिली गाडी बनवली. जी व्यक्ती थोडं चालू शकते पण लांब चालू शकत नाही, तिच्यासाठी हे साधन जन्मलं. निवड करताना हेच ध्यानात ठेवायचं.

यातून साध्या कसोट्या निघतात. हात न टेकता, पाठ सरळ ठेवून अर्धा तास खुर्चीत बसता येतं का? खुर्चीतून उठून, दोन पावलं टाकून, दुसऱ्या खुर्चीत स्वतः किंवा जरा आधाराने बसता येतं का? दोन्ही हात पुढे करून हँडल डावी-उजवीकडे वळवता येतं का? अर्धांगवायूत एक बाजू गेली असेल तर खटका चांगल्या हाताकडे आहे का, किंवा तो तिकडे बसवून मिळतो का, हे विचारा, कारण काही गाड्यांत तशी सोय असते. कंपवात असेल तर दिवसातल्या वाईट वेळी हात कसा चालतो ते बघा, औषध घेतल्यावरच्या चांगल्या तासावर भरवसा ठेवू नका. मोतीबिंदू पिकला असेल तर आधी त्याचं ऑपरेशन, मग गाडी. विसरभोळेपणा वाढत असेल, ओळखीची गल्ली चुकत असेल, तर गाडीचा विचार सोडून द्यावा. हे सांगताना वाईट वाटतं, पण रहदारीत असं माणूस एकटं सोडणं त्याच्या जिवावर बेतू शकतं.

या प्रश्नांची उत्तरं घरच्यांनी एकट्याने ठरवू नयेत. फिजिओथेरपिस्टला किंवा हाडांच्या डॉक्टरांना गाडीबद्दल मुद्दाम विचारा. सातपूरमध्ये राज्य कामगार विमा रुग्णालय आहे. पाच वर्षं विमा कपात होऊन निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःचे आणि जोडीदाराचे उपचार तिथे चालू ठेवता येतात. ही सोय असूनही अनेकांनी कार्डाचं नूतनीकरण केलेलं नसतं. ते करून घ्या आणि तिथल्या डॉक्टरांचं मत घ्या.

कसोट्यांत बसत नसाल तर वाट बंद झाली असं समजू नका, साधन वेगळं लागेल एवढंच. धडावर ताबा नसेल किंवा हाताने फक्त छोटी कळ हलवता येत असेल, तर जॉयस्टिकवर चालणारी विजेची व्हीलचेअर योग्य. तिला पाठीचा, मानेचा, कुशीचा आधार देता येतो, आणि ती घरातही वळते. दोन्ही पाय निकामी पण हात दणकट असतील, वय कमी असेल आणि रोज कामावर जायचं असेल, तर आयआयटी मद्रासमध्ये विकसित होऊन २०२० मध्ये बाजारात आलेलं निओबोल्ट बघा. व्हीलचेअरच्या पुढे ते जोडलं की खुर्चीचीच तीनचाकी होते, ताशी २५ किलोमीटरपर्यंत जाते, आणि पोचल्यावर पुढचा भाग काढून ठेवून खुर्ची आत नेता येते. खुर्चीतून उठायचंच नाही, ही तिची मोठी सोय.

आणि ज्याला सातपूरहून रोज अंबड लिंक रोडने कंपनीत किंवा शहरात जायचं आहे, त्याच्यासाठी साइड व्हील लावलेली नेहमीची स्कूटर हेच उत्तर. त्यासाठी गॅरेजमध्ये चाकं बसवून भागत नाही. बदलाला आरटीओची परवानगी, आरसी बुकावर नोंद आणि त्या प्रकारच्या वाहनाचा परवाना हवा. पेठ रोडच्या आरटीओत दोन खेपा झाल्या तरी चालतील, पण हे कागद करून घ्या. अपघात झाला आणि नोंद नसली तर विम्याचा दावा अडकतो.

सातपूरचा रस्ता

ज्या देशांत या गाड्या सर्रास दिसतात तिथे त्या फुटपाथवर चालतात. ब्रिटनमध्ये फुटपाथवरच्या गाडीला ताशी ४ मैल, म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटरची मर्यादा आहे. रस्त्यावर चालणाऱ्या मोठ्या गाडीला ८ मैलांची. ऑनलाइन दिसणाऱ्या छोट्या, घडीच्या, देखण्या गाड्या त्या गुळगुळीत फुटपाथसाठी बनलेल्या असतात. आपल्याकडे गाडी रस्त्यावरूनच न्यावी लागते. गटारावरचे ढापे, पाइपलाइनसाठी खोदून अर्धवट बुजवलेले चर, वर्गणी काढून घातलेले उंच गतिरोधक, आणि पावसाळ्यात खड्डा किती खोल ते झाकणारं पाणी.

म्हणून एक काम करा. गाडी ज्यांना हवी आहे त्यांना कुठे-कुठे जायचंय ते त्यांनाच विचारा. मुलांना वाटतं दवाखाना, पण वडिलांना बहुधा पेपर वाचायला, चहाच्या टपरीवर, जुन्या सहकाऱ्यांकडे जायचं असतं. आईला भजनी मंडळात जायचं असतं. त्या चार-पाच ठिकाणांचा रस्ता मोजपट्टी घेऊन एकदा चालून या. सगळ्यात उंच गतिरोधक किती, सगळ्यात अरुंद जागा कोणती, चढ कुठे आहे, रस्ता ओलांडायला सिग्नल आहे की नाही, हे टिपून ठेवा.

त्र्यंबक रोडबद्दल मी आग्रहाने सांगेन. कंटेनर, कंपन्यांच्या बस, त्र्यंबकेश्वरला जाणाऱ्या भाविकांच्या गाड्या, श्रावणी सोमवारची आणि पौषातल्या निवृत्तिनाथ महाराजांच्या यात्रेतली गर्दी या सगळ्यांत ताशी सहा-आठ किलोमीटरची, जमिनीलगतची गाडी घालू नका. ट्रकच्या चालकाला ती दिसतही नाही. सिग्नलला तो रस्ता ओलांडायचा असेल तर सोबतीने ओलांडावा. त्याला समांतर धावण्यासाठी ही गाडी नाही. सातपूरहून जिल्हा रुग्णालयात जायला रिक्षाच करा. सातपूर कॉलनी, अशोकनगर, श्रमिकनगरच्या आतले रस्ते हेच तिचं क्षेत्र. माणसाचा रोजचा दिवस तिथेच घडतो, त्यामुळे ते काही कमी नाही.

मोजमाप झालं की गाडीकडे वळा. घडीच्या छोट्या गाडीचा तळ जमिनीपासून बऱ्याचदा पाच-सहा सेंटिमीटरवर असतो आणि चाकं तळहातापेक्षा थोडी मोठी. मॉल, विमानतळ, लग्नाचा हॉल यांसाठी ती उत्तम, सातपूरच्या गल्लीसाठी नाही. इथे किमान दहा सेंटिमीटर मोकळीक, मोठी चाकं आणि सीटखाली स्प्रिंग पाहिजे. ज्यांची कंबर किंवा मणका दुखतो त्यांना स्प्रिंग नसलेल्या गाडीवर एक फेरीही सोसत नाही. हवेचे टायर धक्का कमी देतात पण पंक्चर होतात. वर्कशॉपच्या वस्तीत लोखंडाचा कीस आणि तारांचे तुकडे रस्त्यावर असतातच. भरीव टायर पंक्चर होत नाहीत, पण हाडं खिळखिळी करतात. स्प्रिंग चांगली असेल तर भरीव, नसेल तर हवेचे, असं मी सुचवेन.

तीन चाकं की चार? दुकानदार तीनचाकीची शिफारस करतात कारण ती कमी जागेत वळते आणि पाय पसरायला जागा देते. पण वळताना एक चाक खड्ड्यात किंवा ढाप्याच्या फटीत गेलं की ती कलंडण्याचा धोका चारचाकीपेक्षा जास्त. रस्त्यावर चालवायची असेल तर चारचाकीच घ्या. तीनचाकी घरात, सोसायटीच्या आवारात आणि लिफ्टमध्ये नेण्यासाठी ठेवा. चारचाकीला वळायला जास्त जागा लागते. म्हाडाच्या रो-हाउसमधल्या गल्लीत समोर दुचाकी लावलेल्या असताना किती रुंदी उरते ते संध्याकाळी सातला मोजा, दुपारी मोजाल तर फसाल.

ओटा आणि उतार

जुन्या घरांचा ओटा हा सगळ्यात मोठा अडसर. रॅम्पचा सर्वमान्य नियम एकास बारा. एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा उतार. ओटा दीड फुटाचा असेल तर अठरा फूट लागतील, आणि तेवढी जागा गल्लीत नसते. बांधकाम करणारे म्हणतात, ‘सहा फुटांत बसवून देतो.’ असा रॅम्प करू देऊ नका. गाडी तो कदाचित चढेल, पण उतरताना तोल पुढे जाईल. त्यापेक्षा गाडी ओट्याखालीच, शेड टाकून, साखळीने बांधून ठेवा. माणसाला ओट्यावरून उतरायला दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडा आणि अर्ध्या-अर्ध्या उंचीच्या रुंद पायऱ्या करून घ्या. सातपूरमध्ये चांगला फॅब्रिकेटर शोधायला लांब जावं लागत नाही, आणि या कठड्याचा खर्च गाडीच्या मानाने किरकोळ आहे.

उंची सहा इंचांची असेल तर सहा फुटांचा उतार, आणि तो ओला झाल्यावर घसरू नये म्हणून वर खरखरीत पृष्ठभाग. गुळगुळीत कोबा किंवा टाइल नको. गाडी किती अंशाचा चढ चढते हे माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. एकास बाराचा उतार पाच अंशांपेक्षा थोडा कमी भरतो, एकास आठचा सात अंशांच्या वर जातो. तो आकडा चालवणाऱ्याचं वजन धरून वाचा. वजनाच्या मर्यादेच्या अगदी काठावर असलेली गाडी घेऊ नका. माणूस ८५ किलोचा, बास्केटमध्ये पाच-सात किलो भाजी-दळण, म्हणजे १२० किलो क्षमतेची गाडी हवी.

एक धोका दुकानात क्वचित सांगतात. प्रत्येक गाडीला मोटर सुटी करणारी एक दांडी असते, गाडी ढकलत नेण्यासाठी. ती ओढलेली असताना आपोआप लागणारा ब्रेक राहत नाही. उतारावर, माणूस बसलेलं असताना तिला हात लावायचा नाही, हे नातवंडांनाही सांगून ठेवा.

साडी नेसणाऱ्या बायकांसाठी वेगळं बघावं लागतं. पदर आणि निऱ्या मागच्या चाकाकडे जाऊ नयेत म्हणून चाकांवर पूर्ण मडगार्ड हवं, आणि तळ इतका खाली हवा की पाय फार न उचलता आत ठेवता येईल. सीट बाजूला फिरणारी असेल तर बसणं-उठणं निम्म्याने सोपं होतं. गुडघे दुखणाऱ्या कुणालाही मी फिरत्या सीटशिवाय गाडी सुचवणार नाही. दोन्ही बाजूंचे हात वर उचलता येणारे असावेत, आणि सीटची उंची अशी की बसल्यावर पाय पूर्ण टेकतील.

बॅटरीचा हिशेब

या गाड्यांत सहसा २४ व्होल्टची व्यवस्था असते. त्यावर किती अँपिअर-अवर आहे ते वाचा आणि दोन्हींचा गुणाकार करा. २४ गुणिले १२ म्हणजे २८८ वॅट-अवर, २४ गुणिले २० म्हणजे ४८०. दोन गाड्यांची खरी तुलना या आकड्याने होते, ‘२५ किलोमीटर जाते’ या वाक्याने नाही. कंपनीचं अंतर सपाट रस्ता, हलका माणूस आणि नवी बॅटरी धरून काढलेलं असतं. आपल्या रस्त्यावर त्याच्या निम्मं धरा. रोजची फेरी चार किलोमीटरची असेल तर बारा-पंधरा किलोमीटर सांगणारी गाडी पुरते. त्याहून मोठ्या बॅटरीसाठी पैसे घालवू नका.

लेड-ॲसिड बॅटरी स्वस्त आणि जड. ती रिकामी पडून राहिली की मरते, म्हणून फेरी छोटी असली तरी परतल्यावर चार्जिंगला लावायची. पावसाळ्यात गाडी आठ-पंधरा दिवस बाहेर निघाली नाही तरी चार्जिंग चुकवू नका. लिथियम महाग पण हलकी आणि जास्त टिकते. तिला कंपनीचाच चार्जर लावा आणि बाहेर पडायच्या एकमेव दारात रात्रभर चार्ज करू नका, आग लागली तर वाटच बंद होते. बॅटरी काढून घरात नेता येते का, हा प्रश्न ओटा असलेल्या घरांना महत्त्वाचा, कारण गाडी खाली आणि प्लग पॉइंट वर असतो. काढलेली बॅटरी कोण उचलणार, तिचं वजन किती, तेही बघा. मुलं परदेशात असतील आणि गाडी विमानाने न्यायचा विचार असेल, तर काढता येणारी लिथियम बॅटरी एकच असताना ३०० वॅट-अवरच्या आत असावी लागते. त्याहून मोठी विमान कंपन्या घेत नाहीत.

पाण्याचं काय? सातपूरला शहराच्या पूर्वेपेक्षा जास्त पाऊस होतो. बहुतेक गाड्या शिंतोडे सहन करतात, साचलेलं पाणी नाही. मोटर मागच्या आसाजवळ, खाली असते. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत असेल तर गाडी घालायचीच नाही. हँडलवरच्या बटणांना प्लास्टिकचं कव्हर लावा आणि जून ते सप्टेंबर गाडीचा वापर कमी होईल हे आधीच मनाशी धरा.

कागद आणि पैसा

मोटर २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि तसं मान्यताप्राप्त संस्थेने तपासून दिलेलं असेल, तर बॅटरीवरचं वाहन कायद्याने मोटार वाहन धरलं जात नाही, त्याला नोंदणी-परवाना लागत नाही. पुण्याची एआरएआय ही अशी एक संस्था. परदेशातून आणलेल्या दणकट गाड्यांची मोटर याहून मोठी असू शकते. विक्रेता ‘काही लागत नाही’ म्हणाला तर ते प्रमाणपत्र मागा आणि बिलावर मोटरची शक्ती लिहून घ्या.

किमती साधारण सत्तर हजारांपासून दोन-अडीच लाखांपर्यंत जातात. अपंगांच्या व्हीलचेअर-गाड्यांच्या वर्गावर जीएसटी ५ टक्के आहे. बिलावर कोणत्या कोडखाली किती लावलाय ते बघा आणि जास्त असेल तर कारण विचारा.

सरकारी मदतीबद्दल बऱ्याच घरांचा गोंधळ होतो. नुसतं वय झालं म्हणून ही गाडी मिळत नाही. २०१७ची राष्ट्रीय वयोश्री योजना काठी, वॉकर, साधी व्हीलचेअर, श्रवणयंत्र अशी साधनं देते. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना ६५ वर्षांवरच्या आणि दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना एकदा ३,००० रुपये देते. मोटरच्या साधनांचा मार्ग दिव्यांग प्रमाणपत्रातून जातो. किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड यांसाठी ऑनलाइन अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. केंद्राच्या एडिप योजनेतून कानपूरच्या ॲलिम्कोची मोटर लावलेली तीनचाकी मिळते, तिला अपंगत्वाचं प्रमाण, वय आणि उत्पन्न यांच्या अटी आहेत. ती मोबिलिटी स्कूटर नव्हे, पण आपल्या रस्त्यांना ती कितीतरी आयात गाड्यांपेक्षा बरी सोसते. महानगरपालिकेला उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखावा लागतो. त्यातून सध्या काय दिलं जातं ते सातपूरच्या विभागीय कार्यालयात जाऊन विचारा. नोकरीत असलेल्या विमाधारकाने सहाय्यक साधनांबद्दल कामगार विम्याकडे आधी चौकशी करावी, विशेषतः कामावर अपघात झाला असेल तर.

आता पैसे देण्याआधीची शेवटची गोष्ट, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठी. नाशिकमध्ये ही गाडी दुरुस्त कोण करणार? सर्जिकलच्या दुकानदाराला विचारा की मेकॅनिक त्याच्याकडे आहे की गाडी मुंबई-पुण्याला पाठवावी लागेल. कंट्रोलर, चार्जर, बॅटरी आणि पुढचे टायर हे चार भाग किती दिवसांत आणि किती रुपयांत मिळतील ते लिहून मागा. लिहून देत नसेल तर दुसरं दुकान बघा. दोन वैशिष्ट्यं कमी असलेली पण इथे दुरुस्त होणारी गाडी कधीही सरस. आणि डेमो दुकानाच्या फरशीवर घेऊ नका. गाडी तुमच्या गल्लीत आणायला सांगा, टिपून ठेवलेल्या त्या उंच गतिरोधकावरून न्या, वळवा, मागे घ्या, चढावर मधेच थांबवून पुन्हा सुरू करा. ज्यांच्यासाठी घ्यायची त्यांनीच चालवायची, मुलाने नाही.

गाडी घरी आली की पहिले पंधरा दिवस वेग सर्वांत कमी ठेवा. कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्टीला एमआयडीसीतले आतले रस्ते मोकळे असतात, सराव तिथे करा. मागे जाणं आणि गतिरोधक सरळ, तिरका न घेता ओलांडणं, या दोन्हींवर जास्त वेळ द्या. मागे उंच दांडीवर भगवी किंवा केशरी झेंडी, लाल परावर्तक पट्ट्या आणि दिवसाही चालू असलेला दिवा लावा. खिशात मोबाइल आणि घरचा नंबर लिहिलेला कागद असू द्या. सुरुवातीला कुणीतरी सायकलवर मागून जावं. हात बसला की मात्र मागून जाणं थांबवा. आपल्याला हवं तेव्हा, कुणाला न विचारता मंडईपर्यंत जाऊन येता यावं, एवढ्यासाठीच तर त्यांना गाडी हवी होती.